पर्थचं पाकीट

शेवट गोड झाला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर सुनेत्राने त्या मंगळवारी जे केलं ते ऐकून कुणालाही वाटायचं, ही आई आहे की मागच्या जन्मीची वैरीण.

मंगळवारी सकाळी सिंगापूरमधल्या पासिर रिसच्या त्यांच्या ब्लॉकखालच्या पत्रपेटीत एक जाड, पांढरं पाकीट आलं. वर मुलीचं नाव, चैत्राली निशिकांत असं ऐसपैस टाइप केलेलं, आणि कोपऱ्यात पर्थच्या युनिव्हर्सिटीचं चिन्ह. मागे, जिथे पाकिटाचं झाकण चिकटवतात तिथे, आडवा जांभळा शिक्का. अर्धा झाकणावर, अर्धा खाली. कुणी उघडलं तर शिक्क्याचे दोन तुकडे व्हावेत आणि चोरी पकडली जावी, अशी ती योजना. सुनेत्राने ते छातीशी धरून लिफ्टने अकराव्या मजल्यावर नेलं. लिफ्टमधल्या चिनी आजींनी विचारलं, "गुड न्यूज?" तर ही म्हणाली, "होप सो." खरं म्हणजे 'होप'बद्दल या घरात दोन वर्षं बरीच वादावादी झालेली होती.

त्याचं असं झालं होतं. चैत्राली अकाउंटन्सी शिकली, चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तांजोंग पगारमधल्या एका ऑडिट फर्ममध्ये चिकटली. चार वर्षं सगळं ठीक चाललं होतं. एकदा फर्मने तिला एका डायलिसिस सेंटरमध्ये सामानाची मोजदाद करायला पाठवलं. नळ्यांची खोकी मोजताना शेजारच्या खुर्चीतल्या पेशंटने तिला गप्पांत ओढलं. पुढच्या शनिवारी ती त्या पेशंटला नुसतीच भेटायला गेली, मग दर शनिवारी जायला लागली, आणि एका रविवारी जेवताना म्हणाली, "मला मेडिसिन करायचंय."

निशिकांतला वाटलं थट्टा. तो म्हणाला, "आधी आमटी घे."

थट्टा नव्हती. कुठल्याही शाखेच्या पदवीधरांना घेणारं सिंगापूरमधलंच एक मेडिकल कॉलेज तिने शोधून ठेवलं होतं. अट एवढीच की बायॉलॉजी आणि केमिस्ट्री, त्यातही ऑरगॅनिक केमिस्ट्री प्रयोगांसकट, युनिव्हर्सिटीच्या पातळीवर पास झाल्याचं दाखवायचं. चैत्रालीने शाळा सोडल्यापासून परीक्षानळीला हात लावलेला नव्हता. तिच्या स्वतःच्या युनिव्हर्सिटीत बाहेर पडलेल्यांना प्रयोगशाळेत परत जागा मिळत नव्हती. पर्थला मात्र पूर्ण पदवीला नाव न घालता तेवढेच विषय घेता येत होते. म्हणजे नोकरीतून बिनपगारी रजा घ्यायची, पर्थला जायचं, आणि एकोणीस वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून बेडूक कापायचे. बेडूक नसतात गं आता, असं चैत्रालीने दहादा सांगितलं, पण सुनेत्राच्या डोक्यातून बेडूक गेला नाही.

"सत्ताविसाव्या वर्षी कुणी बाराखडी गिरवायला बसत नाही," सुनेत्रा म्हणाली होती. "लोकांच्या मुली या वयात..."

"लोकांच्या मुलींनी चार वर्षं ऑडिट केलंय का? मग त्यांना विचार."

"आणि नाही मिळाली अ‍ॅडमिशन तर?"

"तर नाही मिळाली. पण मग मला माहीत असेल ना."

यावर सुनेत्रा जे बोलली ते बोलायला नको होतं. "माझा याला पाठिंबा नाही. जायचं तर जा." एवढंच. ओरडून नाही, ताट उचलता उचलता. ओरडून बोलली असती तर दुसऱ्या दिवशी विसरता आलं असतं.

चैत्राली गेली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की सुनेत्रा सांगायची, "पर्थला ट्रेनिंगला गेलीय." ऑडिटवाल्यांना ट्रेनिंग फार असतं, असा लोकांचा समज झाला.

पुढे सातव्या महिन्यात मेतकूट, भाजणी आणि लसणीची चटणी घेऊन सुनेत्रा आठ दिवस पर्थला जाऊन आली. तिथे एक गोष्ट झाली, ती तिने कुणालाच सांगितली नाही. मुलीला डबा द्यायला ती प्रयोगशाळेपाशी गेली होती. दाराला उभी काच होती. आत चैत्राली मोठा चष्मा लावून, केस वर बांधून, एका चंबूतल्या पिवळ्या पाण्याकडे बघत उभी होती. बघत होती आणि वहीत लिहीत होती, परत बघत होती. शेजारची पोरगी काहीतरी बोलली तर हिचं लक्षच नव्हतं. हा चेहरा सुनेत्राने शेवटचा कधी पाहिला होता? मुलगी आठ वर्षांची असताना, मुंग्यांची रांग कुठे जाते ते बघायला ती कॉरिडॉरभर पालथी पडून सरपटली होती, तेव्हा. मधली सगळी वर्षं ही पोर नुसती चांगली वागत होती, असं सुनेत्राला काचेबाहेर उभं राहून एकदम कळलं. तिने डबा तिथल्या बाकावर ठेवला आणि फोनवर कळवलं की डबा बाकावर आहे, आत यायला परवानगी नाही. बाकी काही बोलली नाही. "पाठिंबा नाही" म्हणून झाल्यावर "आहे" कसं म्हणतात, ते तिला येत नव्हतं.

तर असं ते पाकीट. त्यात पर्थला घेतलेल्या सगळ्या विषयांचं अधिकृत गुणपत्रक. चैत्राली शेवटची परीक्षा देऊन पर्थहून परतली होती आणि पुन्हा ऑडिटच्या कामाला लागली होती. दुपारी एकला तिचा ऑफिसातून फोन आला.

"आलं का?"

"आलं."

"आई, उघडू नकोस हं. शुक्रवारी पाचच्या आत मेडिकल कॉलेजात तसंच बंद नेऊन द्यायचंय. उघडलेलं चालत नाही."

"मी कशाला उघडू तुझं पाकीट?"

आणि तिने उघडलं नाहीच. तिने ते देवापुढे ठेवलं. या घरात महत्त्वाची कुठलीही वस्तू हळदकुंकू लागल्याशिवाय वापरात आलेली नव्हती. फ्लॅटच्या किल्ल्या, फ्रिज, चैत्रालीची पहिली सायकल, पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाल्याचं पत्र, सगळ्यांच्या कपाळी कुंकू होतं. इतकं की फ्रिज दुरुस्त करायला आलेल्या माणसाने दारावरचा लाल ठिपका गंज समजून घासून काढला होता. उघडू नकोस असं मुलीने बजावलं होतं. कुंकू लावू नकोस असं बजावलं नव्हतं, आणि ते कुणी बजावतही नाही.

पुढच्या बाजूला पत्ता होता, तो खराब नको म्हणून तिने पाकीट पालथं ठेवलं. कोरडं कुंकू गुळगुळीत कागदावर ठरेना, म्हणून बोट पाण्यात बुडवून लावलं. चारही कोपऱ्यांना हळद, वर कुंकू. मग कॉरिडॉरमधल्या कुंडीतली जास्वंद तोडून धुतली आणि पाकिटाच्या बरोबर मध्यावर ठेवली. हात जोडून जे म्हणायचं ते म्हटलं. मग ती कोथिंबीर आणायला खाली गेली, तिथे शेजारची साधना भेटली, आणि दोन तास गेले.

परत आली तेव्हा जास्वंदीने अंगावरचं सगळं पाणी पाकिटाला देऊन टाकलेलं होतं. झाकण भाजलेल्या पापडासारखं एका बाजूने वर वळलं होतं. कुंकू ओघळून शिक्क्यात शिरलं होतं, शिक्का कुंकवात, आणि दोघांचा मिळून एक वांगी रंगाचा डाग झाला होता. सुनेत्राने फूल उचललं. टिश्यूने टिपायला गेली, तर झाकण सबंध सुटून वर आलं. आतल्या कागदाची पांढरी कड दिसली.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने पाकीट पंख्याखाली धरलं. ते सुकलं, पण सुकल्यावर आणखीच उघडं दिसायला लागलं. तिने निशिकांतला ऑफिसात फोन लावला.

"अहो, एक घोटाळा झालाय."

"गॅस चालू राहिला का?"

"पर्थचं पाकीट भिजलं. देवापुढे ठेवलं होतं. उघडलंय."

निशिकांत सॉफ्टवेअरमधला माणूस. त्याला प्रत्येक संकटाचा उपाय अर्ध्या मिनिटात सुचतो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. "इस्त्री फिरव."

"इस्त्रीने शिक्का परत येतो का?"

"मग गोंद लाव आणि गप्प बस. कोण एवढं निरखून बघतंय?"

सुनेत्राने खणातून गोंदाची कांडी काढली. टोपण उघडलं. झाकण बोटाने दाबून बघितलं, बरोबर बसत होतं. आणि तिथेच थांबली. समजा लावला गोंद. समजा कॉलेजातल्या कुणी निरखून बघितलंच. तर ते काय म्हणतील? मुलीने मार्क बदलले म्हणतील. आईने फूल ठेवलं होतं हे कुणाच्या स्वप्नात येणार? दोन वर्षं पोरगी चंबूत डोळे घालून बसली, आणि तिच्या नावापुढे फसवणूक लागायची, ती माझ्या गोंदाने. सुनेत्राने कांडीला टोपण लावलं. मग डायनिंग टेबलावर ते पाकीट पालथं ठेवून, त्याच्या समोर, परीक्षेला बसल्यासारखी बसून राहिली.

चैत्राली साडेसातला आली. बूट काढता काढताच तिला ते दिसलं.

"तू उघडलंस?"

"नाही. देवापुढे ठेवलं होतं. फुलाच्या पाण्याने सुटलं."

चैत्रालीने पाकीट उचललं. डाग बघितला, झाकण बघितलं, आतल्या कागदाला हात लावला नाही. मग इंग्रजीत बोलली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. नवीन मागवायला दहा वर्किंग डेज लागतात, म्हणाली. शुक्रवार चुकला तर पुढच्या वर्षीच. मग खुर्चीवर बसली आणि मराठीत म्हणाली, "तुला हे नकोच होतं ना, आई."

हे येणार, हे सुनेत्राला चार वाजल्यापासून माहीत होतं. पाकिटाचं काय होईल ते होवो, पण हे वाक्य येणार, याच भीतीने तिने दुपारचा चहाही घेतला नव्हता.

"नको होतं," ती म्हणाली. "तुझ्या प्रयोगशाळेच्या काचेतून बघेपर्यंत नको होतं."

"कुठल्या काचेतून?"

"डबा द्यायला आले होते तेव्हा. तू त्या पिवळ्या पाण्याकडे बघत होतीस. मी दहा मिनिटं उभी होते."

"तू म्हणालीस, डबा बाकावर ठेवलाय, आत यायला परवानगी नाही."

"परवानगी होती. मलाच आत येववेना."

चैत्रालीने पाकीट टेबलावर ठेवलं. "मग त्या वेळी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मी चुकले म्हणू? ते मला येत नाही, तुला माहितेय. आज कुंकू लावलं, ते तेच बोलणं होतं. एवढं भिजेल असं नव्हतं वाटलं."

चैत्रालीच्या नाकातून एक आवाज आला. तो रडण्याचा की हसण्याचा हे सुनेत्राला ठरवता आलं नाही, कारण तेवढ्यात निशिकांत घरात शिरला आणि म्हणाला, "लागला का गोंद नीट?" मायलेकींनी त्याच्याकडे एकाच वेळी वळून असं काही बघितलं की तो पुढे काही न विचारता आंघोळीला गेला.

पर्थचं आणि सिंगापूरचं घड्याळ एकच आहे, ही त्या आठवड्यातली पहिली चांगली गोष्ट. बुधवारी सकाळी आठला चैत्रालीने तिथे फोन लावला. तिथली बाई गोड बोलली आणि म्हणाली, नवीन पाकिटाला दहा दिवस लागतीलच, पण मेडिकल कॉलेजने स्वतः लेखी विचारलं तर आम्ही त्यांना थेट मार्क कळवू. विद्यार्थ्याने विचारून उपयोग नाही, कॉलेजने विचारायला हवं.

"मी येते तुझ्याबरोबर," सुनेत्रा म्हणाली.

"आई, अ‍ॅडमिशन ऑफिसात कुणी आईला घेऊन जात नाही. मी अठ्ठावीसची आहे."

"मी केलंय, मी सांगणार. तू फक्त उभी राहा."

जेवणाच्या सुट्टीत दोघी मेडिकल कॉलेजच्या ऑफिसात पोचल्या. काउंटरमागे मॅडम रोहाना नावाच्या बाई होत्या. सुनेत्राच्याच वयाच्या, डोक्याला गुंडाळायचा राखाडी रुमाल, तुडुंग, नीट पिनांनी बसवलेला, टेबलावर कागदांचे काटकोनात ठेवलेले गठ्ठे. त्यांनी पाकीट दोन बोटांनी उलटं केलं.

"दिस वन ओपन ऑलरेडी," त्या म्हणाल्या. "कॅनॉट."

मग डाग दिसला. त्यांनी हात मागे घेतला. "ब्लड?"

"नो, नो," सुनेत्रा पुढे झाली. "कुंकुम. फॉर गॉड."

"यू ओपन?"

"नॉट मी. फ्लॉवर."

चैत्रालीने डोळे मिटले. मॅडम रोहानांनी आधी आईकडे, मग मुलीकडे, मग परत पाकिटाकडे पाहिलं. सुनेत्राने आपल्या घरगुती इंग्रजीत सगळं सांगितलं. देव, पाणी, जास्वंद, कोथिंबीर, पंखा. गोंदाची कांडी काढली होती आणि परत ठेवली, तेही सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती, पण एकदा खरं सांगायला लागलं की कुठे थांबायचं ते तिला कळत नसे.

मॅडम रोहाना पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकल्या. बावीस वर्षं मी पाकिटं बघतेय, त्या म्हणाल्या. कुत्र्याने चावलेलं बघितलं, वॉशिंग मशीनमधून निघालेलं बघितलं. फुलाने उघडलेलं आजच. आणि चिकटवून आणलं असतंत तर अर्ज बाजूला गेला असता, कारण चिकटवलेलं मला कळतं. मग त्यांनी एक फॉर्म काढला, चैत्रालीची सही घेतली आणि सांगितलं की पर्थला मी आत्ताच लिहिते. शुक्रवारी पाचच्या आत उत्तर आलं तर अर्ज पूर्ण. पाच वाजून एक मिनिटानं आलं तर नाही. त्या एका मिनिटाबद्दल माझ्यापाशी रडू नका.

"वुई वोन्ट क्राय," सुनेत्रा म्हणाली.

"यू, मॅडम, आय नॉट सो शुअर," मॅडम रोहाना म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला.

गुरुवारी उत्तर आलं नाही. गुरुवारी सुनेत्राने घरातले सगळे पडदे धुतले. शुक्रवारी सकाळीही आलं नाही. चैत्रालीने दहा वाजता पर्थला फोन केला, तर तुमची विनंती रांगेत आहे असं कळलं. दुपारी दोनला निशिकांतने ऑफिसातून मेसेज पाठवला, 'काही कळलं?' अडीचला परत, 'काही कळलं?' सुनेत्राने उत्तर लिहिलं, 'कळलं की मी गप्प बसेन का?' आणि पोहे भिजवायला घेतले. पोहे करायचे होते म्हणून नाही, हाताला काहीतरी हवं होतं म्हणून. ती देवापाशी गेली नाही. या खेपेला देवाला कामाला लावायची तिची हिंमत नव्हती.

चार वाजून बावीस मिनिटांनी फोन वाजला.

"आई."

"बोल."

"झालं. पर्थचं उत्तर आलं त्यांना. अर्ज पूर्ण, असं मेल आलंय." मग जरा थांबून, "ऑरगॅनिकला ए आहे. मॅडम रोहानांनी स्वतः फोन करून सांगितलं. म्हणाल्या, टेल युअर मदर."

सुनेत्रा स्वयंपाकघरात होती तिथेच फरशीवर बसली. जीव भांड्यात पडतो म्हणतात, तर भांडं समोरच होतं, आणि त्यातल्या पोह्यांचा एव्हाना लगदा झाला होता. "बरं," एवढंच तिला म्हणता आलं. मग म्हणाली, "तू काही खाल्लंस का?"

"नाही. येतेच. आज लवकर सुटतेय."

चैत्राली सहाला आली, सोफ्यावर टेकली, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत झोपून गेली. ऑफिसच्या कपड्यांत, एक हात जमिनीला लागेल असा लोंबत. सुनेत्राने पेला टीपॉयवर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसली. ती तिच्याकडे बघत राहिली. अजून इंटरव्ह्यू होता. तीनशे मुलं, जागा साठ. लागेल की नाही, देव जाणे. पण आता नाही लागला नंबर, तर ते पोरीच्या स्वतःच्या कुवतीवर ठरलेलं असेल. माझ्या हाताने नाही. दोन वर्षांत प्रथमच मुलीच्या भविष्याची काळजी करताना सुनेत्राला इतकं हलकं वाटत होतं.

दारात किल्ली वाजली. निशिकांत नेहमीसारखा धाडकन आत आला आणि तोंड उघडणार एवढ्यात सुनेत्राने ओठांवर बोट ठेवलं. त्याने सोफ्याकडे बघितलं. मग भुवया उंचावून तिच्याकडे. तिने मान हलवली, वरून खाली, दोनदा. तो एक बूट काढलेला, एक पायात, असा तिथेच बुटांच्या स्टँडवर खाली बसला.

"मग आता?" त्याने कुजबुजत विचारलं.

"आता जेवायचं," सुनेत्रा तितक्याच हळू म्हणाली. "पण ती उठल्यावर."